शब्दाला वजन येते कोठून?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात सौंसर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, याबद्दल मी विश्वस्तांचा आभारी आहे. विषय त्यांनीच नेमून दिला: 'नेतृत्व आणि वक्तृत्व'. निरोप घेऊन आलेल्या तरुणाला मी म्हटले, 'अरे, मी साधा शाळामास्तर. वक्त्यांची काय वाण आहे?' तो म्हणाला, 'गुरुजी, तुम्ही छत्तीस वर्षे बोललातच की!' बोललो खरा. पण वर्गातली मुले घंटा होईपर्यंत उठून जाऊ शकत नाहीत, आणि त्यामुळे पुष्कळ शिक्षकांचा आपण मोठे वक्ते आहोत असा समज होऊन बसतो. माझाही झाला होता. तो कोठे आणि कसा उतरला, हेच आज सांगणार आहे; कारण या विषयातले जे थोडेबहुत मला कळते, ते त्या दिवसानंतर कळले.

आधी हा विषय आपल्याला कशासाठी हवा, ते पाहू. आपल्या न्यासाने पन्नास वर्षांत पुस्तकपेढी चालविली, गरजू मुलामुलींना शिष्यवृत्त्या दिल्या, सामुदायिक विवाह लावले. हिशेब चोख आहेत. परंतु वार्षिक सभांची इतिवृत्ते चाळली तर बोलणाऱ्यांची नावे दरवर्षी तीच चार-पाच आढळतात. बाकीची मंडळी सभेत मान डोलावतात आणि खरे मत बाहेर चहाच्या टपरीवर सांगतात. टपरीवर सांगितलेले मत इतिवृत्तात येत नाही आणि त्यावर निर्णयही होत नाही.

दुसरे कारण नवे आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आपले सौंसर त्यात आले. पूर्वी गाऱ्हाणे घेऊन छिंदवाड्यापर्यंत जावे लागे. आता जिल्हाधिकारी पांढुर्ण्यात बसतात. दर मंगळवारी जनसुनावणी असते. ग्रामसभा आहेत, पंचायती आहेत, आणि पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. दरवाजा घराजवळ आला आहे. पण दरवाजा जवळ आला म्हणून आतल्या माणसाच्या कानापर्यंत आपले म्हणणे आपोआप पोचत नाही. तेथे उभे राहून बोलावे लागते, आणि ऐकणाऱ्याला पटेल असे बोलावे लागते.

आता माझी गोष्ट.

नागपूर-पुण्याहून आलेल्या लेकी-सुनांसाठी आणि नातवंडांसाठी थोडे सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्राच्या मध्यावर पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. तो झेंडा मिळविण्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक मुलगी यांच्या प्रेमातून हे वैर उद्भवले, अशी कथा सांगतात. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघतात, पोलीस येतात, दवाखान्याचे लोक तंबू ठोकून बसतात. एके वर्षी तर प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले. लोकांनी ते बाजूला सारले आणि गोटेच उचलले.

बऱ्याच वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी अशीच एक समजुतीची बैठक होती, आणि त्या बैठकीत बोलण्यासाठी मला सौंसरहून नेण्यात आले. मी आठ दिवस तयारी केली. दोन सुभाषिते, एक इंग्रजी वचन, मानवधर्मावर तीन परिच्छेद, आणि शेवटी हात उंचावून कळकळीचे आवाहन! बोलणे चाळीस मिनिटे चालले. टाळ्या चांगल्या पडल्या. मी खाली बसून रुमालाने तोंड पुसले, तोच मागच्या बाजूने एक धिप्पाड गृहस्थ उठले. त्यांच्या कपाळावर जुन्या जखमेची खूण होती. ते काही रागाने बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, 'गुर्जी, तुमचं घर कोन्त्या काठावर हाय?'

सभेत हशा पिकला. माझे घर सौंसरला. माझ्या घरातल्या कोणाला आजवर गोटा लागला नव्हता आणि लागणारही नव्हता. मी काय उत्तर देणार? त्या वर्षीही गोटमार नेहमीसारखी झाली. माझ्या भाषणामुळे एकही दगड कमी पडला नाही.

बसने परतताना मला त्या माणसाचा पुष्कळ राग आला. पण राग निवल्यावर ध्यानी आले की, त्याने मला जे विचारले ते प्रत्येक श्रोता प्रत्येक वक्त्याला मनातल्या मनात विचारीत असतो: हा मनुष्य कोणत्या काठावर उभा राहून बोलतो आहे? मी जे सोसतो ते याने सोसले आहे काय? याचे ऐकले आणि नुकसान झाले तर ते माझेच होणार की याचेही? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत श्रोता टाळ्या देतो, मन देत नाही.

बंधुभगिनींनो, शब्दाला वजन येते ते बोलणाऱ्याच्या आदल्या दिवसाच्या वागण्यातून. हे माझे म्हणणे मी आपल्याच मुलखातल्या आणि आपल्याच भाषेतल्या तीन उदाहरणांनी स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण गाडगे महाराजांचे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला. डेबूजी हे त्यांचे नाव. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. पण वऱ्हाडापासून मुंबईपर्यंत त्यांच्या कीर्तनाला जी गर्दी लोटे, ती पदवीधरांच्या व्याख्यानांना लोटत नसे. त्यांची पद्धत आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. डोक्यावर गाडग्याचे खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात आले की आधी रस्ता झाडावयास लागायचे. गावातली माणसे आधी पाहत उभी राहत, मग लाजेने हातात झाडू घेत. दिवसभर गाव स्वच्छ होई आणि रात्री त्याच जागी कीर्तन. म्हणजे महाराज बोलावयास उभे राहत, तेव्हा निम्मे पटविण्याचे काम खराट्याने आधीच केलेले असे.

आणि कीर्तनही कसे? ते उपदेश सांगत सुटत नसत, ते विचारीत. कर्ज काढून सण करता का, दारूत किती गेले, पोराला शाळेत घातले का, असे साधे प्रश्न वऱ्हाडी बोलीत येत आणि हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत. जे उत्तर माणसाने स्वतःच्या तोंडाने दिले, ते दुसऱ्या दिवशी नाकारणे त्याला जड जाते. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते. तरुणांनी ते जरूर ऐकावे आणि महाराज किती बोलतात व श्रोत्यांना किती बोलावयास लावतात, ते मोजावे.

दुसरे उदाहरण नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. गोखल्यांकडे गर्जना नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल वाचावे, आकडे तपासावे, टिपण लिहावे आणि ते पसंत पडेपर्यंत पुन्हा लिहावे, अशी वर्षानुवर्षे उमेदवारी केली. पण त्यांच्या आयुष्यात एक कठीण प्रसंग आला. १८९७ साली ते विलायतेत वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गेले होते. त्या सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी अत्याचार केल्याच्या वार्ता त्यांना पत्रांतून कळल्या, आणि त्यांनी त्या तिकडे जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी कळविले ते पुढे येईनात. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यामुळे स्वकीयांनीही त्यांच्यावर टीकेची झोड उठविली.

तेव्हा त्यांचे सार्वजनिक जीवन संपले, असेच पुष्कळांना वाटले असेल. पण अवघ्या पाच वर्षांनी, १९०२ साली, कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्याने त्यांचे नाव देशभर झाले. सरकार शिलकेच्या रकमा दाखविते, पण ती शिल्लक गरीब रयतेवरील जड करांतून आलेली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. प्रतिपक्षाच्या वहीतला आकडा प्रतिपक्षाला खोडता येत नाही. त्या १८९७ च्या प्रसंगातून मी एवढेच घेतो: जे सिद्ध करता येत नाही ते खरे असले तरी सभेत उच्चारताना दहा वेळा विचार करावा, आणि चूक झाली तर ती स्वतःच्या तोंडाने कबूल करावी. कबुलीने माणूस काही काळ लहान दिसतो. पण पुढे त्याच्या शब्दावर लोक विसंबतात.

तिसरे उदाहरण महाडचे. माझ्या मते ते सर्वांत अवघड आहे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला परिषद भरली. भाषणे झाली, ठराव झाले. आणि २० तारखेला बाबासाहेब परिषदेच्या मंडपातून निघून चवदार तळ्यावर चालत गेले व त्यांनी तेथले पाणी ओंजळीने घेतले. मागोमाग हजारोंनी घेतले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. उलट हात उचलण्याइतके संख्याबळ असताना बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरून धरले.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा परिषद भरली, ती सत्याग्रहासाठी. हजारो माणसे घरदार सोडून, तुरुंगात जाण्याची तयारी करून आली होती. ऐन वेळी दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलले. लोक मागे हटावयास तयार नव्हते. अशा तापलेल्या सभेपुढे बाबासाहेबांना उभे राहून सांगावे लागले की, सत्याग्रह आज तहकूब करू आणि न्यायालयात लढू. तळ्याभोवती शांततेने मिरवणूक निघाली आणि लोक परतले. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली!

जमावाला 'चला' म्हणणे सोपे आहे. पाचशे माणसांत पाच जण पुढे धावले की बाकीचे धावतात. निघालेल्या जमावाला 'थांबा' म्हणणे आणि त्याने थांबणे, ही नेतृत्वाची खरी परीक्षा होय. महाडचे लोक का थांबले? तर सांगणारा त्यांच्याच काठावरचा होता. मार्च महिन्यात सर्वांच्या आधी तोच तळ्यात उतरला होता. तो थांबा म्हणतो ते भीतीपोटी नव्हे, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

माझ्या पांढुर्ण्याच्या भाषणात नेमके काय उणे होते, ते आता आपल्या ध्यानी आले असेल. खराटा नव्हता, आकडा नव्हता आणि ओंजळही नव्हती. नुसती सुभाषिते होती.

पुढच्या वर्षापासून मी त्या दिवशी पांढुर्ण्याला जाऊ लागलो, पण बोलण्यासाठी नव्हे. मलमपट्टीच्या ठिकाणी पाणी देणे, जखमीला धरून आणणे, घरी निरोप पोचविणे, अशी कामे केली. तीन-चार वर्षे गेली. ते धिप्पाड गृहस्थ मला ओळखू लागले; चहा पाजू लागले. मग एका वर्षी त्यांच्या पुतण्याच्या डोळ्याला गोटा लागला. डोळा वाचला नाही. पुढच्या पोळ्याच्या संध्याकाळी ते आपल्या गल्लीत ओट्यावर उभे राहिले. मी तेथे होतो. ते पुरती दोन मिनिटेही बोलले नसतील. पुतण्याला जवळ घेतले आणि म्हणाले, 'मी बी पोरपणी गेलो, हे कपाळ पाहा. मीच याले नेलं होतं. आता हा इहिरीवर एकटा जाऊ शकत नाही. उद्या या गल्लीतलं पोर नदीवर जाईन त माह्या दारावरून जाईन, मी दारातच बसून राहीन.' आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच सकाळपासून दारात खाट टाकून बसले. त्या गल्लीतली सहा-सात मुले त्या वर्षी नदीवर गेली नाहीत.

गोटमार बंद झाली नाही. पुढच्या वर्षी त्या सहा-सातांपैकी दोघे पुन्हा गेले, हेही मला सांगितले पाहिजे. नाहीतर मी आपल्याला परीकथा सांगितल्यासारखे होईल. पण चाळीस मिनिटांच्या माझ्या भाषणाने जे केले नाही, ते त्या दोन मिनिटांनी एका गल्लीपुरते केले. आणि ते गृहस्थ शाळा चौथीपर्यंत शिकलेले होते.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, मग बोलण्याची कला शिकावयाचीच नाही काय? वागणे चांगले ठेवले की झाले? तसे नाही. सोन्याचा तुकडा असला तरी दागिना घडवावा लागतो. चांगली माणसे नीट बोलता न आल्यामुळे मागे राहतात आणि त्यांची जागा बडबडे घेतात, हे आपण रोज पाहतो. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक. बोलण्यापूर्वी ऐका. ज्या गावी बोलावयाचे तेथे तासभर आधी जावे, पारावर बसावे, लोक कशाने त्रासले आहेत ते विचारावे. मी त्या दिवशी एक तास आधी पोचून चार घरी चहा घेतला असता, तर निम्मे भाषण मीच खिशात ठेवले असते.

दोन. एका वेळी एकच मागणे. मंगळवारच्या जनसुनावणीत अधिकाऱ्यापुढे आपल्याला दोन-तीन मिनिटे मिळतात. तेथे नाव, गाव, काय झाले, काय हवे आणि सोबत कोणता कागद आहे, एवढे पाच वाक्यांत बसले पाहिजे. रस्ता, नळ, रेशन आणि शेजाऱ्याचे भांडण हे सारे एकाच श्वासात सांगितले, तर लिहून घेणाऱ्याच्या कागदावर काहीच उमटत नाही.

तीन. डोळ्यांना दिसेल असे सांगा. 'संत्र्याच्या बागायतदारांची दैना झाली आहे' या वाक्याने कोणाचेही मन हलत नाही. ते वाक्य सर्वांनी हजार वेळा ऐकले आहे. त्याऐवजी, 'माझी तीनशे झाडे आहेत; आंबिया बहाराची फळे गळाली; पहाटे बागेत गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती; ही त्या दिवशीची छायाचित्रे आणि हा सातबारासारखा आपल्याकडचा खसरा-खतौनीचा उतारा', असे म्हणा. ऐकणारा खुर्चीत सावरून बसेल.

चार. भाषा ओळखून वापरा. आपण घरी मराठी बोलतो, तीही वऱ्हाडी वळणाची. शाळा आणि कचेरी बहुतांशी हिंदीची. ही अडचण नसून दुहेरी संपत्ती आहे, पण तिच्यात खड्डे आहेत. एकदा आपल्याच एका विद्यार्थ्याने नागपूरच्या वक्तृत्वस्पर्धेत मोठ्या आवेशाने सांगितले, 'खेड्यातल्या प्रत्येक मुलीला शिक्षा मिळालीच पाहिजे!' परीक्षक दचकले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण; मराठीत तीच शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. तेव्हा मुलांनो, दोन्ही भाषा नीट शिका. कचेरीत हिंदी बोला, लाजू नका. पण समजूत घालावयाची असेल, रडणाऱ्याला धीर द्यावयाचा असेल, भांडण मिटवावयाचे असेल, तर ज्या बोलीत आईने तुम्हाला हाक मारली त्या बोलीत बोला. गाडगे महाराजांनी शुद्ध भाषेची वाट पाहिली नाही.

पाच. भीतीविषयी. उभे राहिल्यावर पाय कापतात, घसा कोरडा पडतो. ते सर्वांचेच होते. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे सराव. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पाठ करावे. मधल्या मुद्द्यांचे चार शब्द चिठ्ठीवर लिहावे. समोरच्यांपैकी एका ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून सुरुवात करावी. आणि सांगावयाचे संपले की बसावे. वक्ता बसला म्हणून आजवर कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

सहा. विरोधकाचा मान राखा. त्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने, त्याला पटेल इतक्या चांगल्या रीतीने सांगा, आणि मग आपले सांगा. गोटमारीला आईची आज्ञा मानणाऱ्या माणसाला 'अडाणी' म्हणून तुम्ही त्याच्या हातात दुसरा दगड देता. त्याची श्रद्धा देवीवर आहे, तर बोलणे देवीपासूनच सुरू झाले पाहिजे: आईला लेकराचे रक्त हवे असेल काय? हा प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.

आता दोन शब्द माता-भगिनींसाठी, आणि खरे म्हणजे त्यांच्या घरातल्या पुरुषांसाठी. निम्म्या जागा राखीव झाल्या, बाई सरपंच झाली, आणि सभेत तिच्या शेजारी बसून बोलतो कोण? तिचा नवरा. लोक त्याला सरपंचपती म्हणतात आणि त्यालाही त्यात मान वाटतो. बंधूंनो, हा मान सोडा. ती पहिल्यांदा बोलेल तेव्हा अडखळेल. अडखळू द्या. तुम्ही सायकल शिकलात तेव्हा गुडघे फोडूनच शिकलात. घरातला किराणा, लेकीचे लग्न, सासूचे आजारपण आणि उधारीवाला दुकानदार या सर्वांना एकाच दिवशी जी समजावून वाटेला लावते, तिला पटविण्याची कला नव्याने शिकवावी लागत नाही. तिला फक्त उभे राहण्याची जागा आणि आपल्या तोंडाला कुलूप हवे आहे.

तरुणांना वाटते की आता सभा गेल्या, मोबाईलवर मजकूर पाठविला की काम झाले. मोबाईल वाईट नाही. निरोप क्षणात शंभर घरी जातो. पण गोखल्यांना एका न पडताळलेल्या वार्तेची जी किंमत मोजावी लागली, ती आठवा. आपण दिवसाकाठी अशा किती वार्ता पुढे ढकलतो? आपल्या नावाने जे गेले त्याची जबाबदारी आपली. शिवाय त्या पडद्यावर कोणीही कोणत्याही काठावरचा होऊन बोलू शकतो. समोर उभे राहिल्यावर मात्र, 'तुमचं घर कोन्त्या काठावर?' या प्रश्नातून सुटका नसते; आणि नसावीही.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती आहे. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथे ऐकावयास आणि बोलावयास शिकले. आपल्याला एवढा व्याप नको. न्यासाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी दोन तास, एक महिना सौंसरला तर एक महिना पांढुर्ण्याला, अशी बैठक सुरू करावी. पाच जणांनी प्रत्येकी पाच मिनिटे बोलावे. त्यांतील निदान दोन स्त्रिया आणि एक विद्यार्थी असावा. विषय आपल्या गावचे असावे: विहिरीचे पाणी, बागेची फळगळ, लग्नातला खर्च, मुलीचे पुढले शिक्षण. प्रत्येक बोलणाऱ्याने आरंभी एवढेच सांगावे की, या कामी मी स्वतः काय केले आहे. काहीच केले नसेल तर त्या महिन्यात त्याने ऐकावे आणि पुढच्या महिन्यात काही करून यावे. या एका नियमाने निम्मी भाषणे कमी होतील, आणि उरलेली ऐकण्यासारखी होतील.

न्यासाच्या वार्षिक सभेतही तोच नियम असावा, आणि तो मलाही लागू असावा. आज मी बराच वेळ घेतला. बसा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला होता. आपण तो वापरला नाही, हा आपला मोठेपणा.

बंधुभगिनींनो, पोळा येतच असतो. पुढच्या वेळी बैलांची पूजा झाल्यावर आपापल्या दारात क्षणभर उभे राहा आणि घरातल्या पोराला जवळ बोलवा. भाषण करू नका. त्याच्या बरोबर बसा, त्याचे ऐका, आणि मग दोन वाक्ये बोला. ती दोन वाक्ये तुमच्याजवळ आहेत की नाहीत, हे तुम्ही वर्षभर कसे वागलात यावर ठरेल. माझ्याजवळ ती त्या वर्षी नव्हती. तुमच्याजवळ असोत, एवढीच या सुवर्णमहोत्सवी दिवशी परमेश्वराचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.